नऊ शाली

"ती शाल खाली ठेवा," मी म्हणालो.

प्राचार्य हसले. त्यांना वाटलं, पाहुणा लाजतोय. मागे भिंतभर फलक लावला होता : 'प्रादेशिक स्थैर्य आणि सुरक्षा : विशेष पथकांची भूमिका.' समोर दोनशे पोट्टे-पोट्टी बसली होती. प्राचार्यांनी शालीची घडी उलगडली आणि माझ्या खांद्याकडे हात आणला. मी तो हात झटकला. नारळ सुटला आणि गडगडत पहिल्या रांगेतल्या खुर्चीखाली गेला.

"अहो उसेंडी साहेब, सत्काराला कुणी नाही म्हणतं का?"

"मी म्हणतो. काय करता?"

मी चपला घातल्या आणि सरळ बाहेर आलो. मागून एक मास्तर दुसऱ्याला सांगत होता, जंगलात आयुष्य गेलं ना, डोकं फिरतं यांचं. फिरतं बाबा. माझं तर एकवीस वर्षांपूर्वीच फिरलं. चाळीस मिनिटं स्थैर्यावर बोला म्हणे! एक गोष्ट सांगतो, तिच्यातून काय स्थैर्य काढायचं ते काढा.

माझं नाव रैनू उसेंडी. तेव्हा मी विशेष पथकात हवालदार होतो. आम्ही सगळे त्याच जंगलपट्ट्यातले, गोंडी बोलणारे, वाटा पायाला पाठ असलेले. म्हणून तर सरकारनं आम्हाला निवडून घेतलं होतं. बाहेरून आलेली फौज जंगलात आंधळी, आम्ही डोळस. आणि आमचे डोळे ज्या गावांवर रोखलेले, तिथंच आमचे मामा-मावशी राहायचे.

पथकाचा एक नियम होता. कुठल्या कागदावर नव्हता, पण नवा माणूस आला की जुना त्याला पहिल्याच दिवशी सांगायचा. गावात कुणाच्या दारात पाणी मागायचं नाही. तहानेनं जीव गेला तरी नाही. आज तुम्ही ज्या घरचा तांब्या तोंडाला लावाल, त्या घरी उद्या दादालोक येतील. दादालोक म्हणजे जंगलात बंदूक घेऊन फिरणारे ते. येतील आणि विचारतील, पोलीस तुझ्या दारात काऊन बसले होते? काय सांगितलंस त्यांना? म्हणून आम्ही नाल्याचं गढूळ पाणी गाळून प्यायचो, पण गावाची विहीर टाळायचो. हा आमचा धर्म होता म्हणा.

तर तो ऑगस्ट महिना. चार दिवसांची गस्त आटोपून बावीस जण परत निघालो होतो. हिदवाडा गावाच्या अलीकडे बांबूच्या बनात त्यांनी आम्हाला गाठलं. पंधरा-वीस मिनिटं गोळीबार झाला. मग ते पांगले. आमच्यातल्या सुधाकर कोवासेच्या मांडीत गोळी गेली होती. सुधाकर आणि मी एकाच दिवशी भरती झालेलो, एका ताटात जेवलेलो. दुपट्टा आवळून बांधला तरी रक्त थांबेना. वायरलेसवर खरखर ऐकू यायची, माणूस नाही. हेलिकॉप्टरचं तर नावच काढू नका, ढग झाडाच्या शेंड्यांवर टेकले होते. रस्ता, गाडी, दवाखाना, सगळं नदीपलीकडे. आणि नदी दुथडी भरलेली.

बांबूच्या दोन काठ्यांना चादर बांधून आम्ही सुधाकरला नदीवर आणलं. काठावर एक माणूस आपला डोंगा दोरानं झाडाला बांधत होता. डोंगा म्हणजे एकाच झाडाचं खोड कोरून केलेली नाव, नावाड्याशिवाय दोन माणसं बसली की तिसऱ्याला जागा नाही. माणूस पन्नाशीचा, अंगानं काटक, कमरेला पंचा. आम्हाला बघून त्यानं दोर सोडला नाही, तो पळूनही गेला नाही.

"पलीकडे नेशील?" मी गोंडीत विचारलं.

त्यानं नदीकडे बघितलं. मग सुधाकरच्या पायाकडे.

"देव किती तुझे?" त्यानं मला विचारलं.

आमच्यात हे पहिलं विचारतात. कुळ किती देवांचं, त्यावरून समोरचा भाऊबंद की सोयरा ते ठरतं. मी सांगितलं. त्याचं कुळ वेगळ्या देवांचं निघालं.

"मग भाचा झालास," तो म्हणाला. "भाच्याला नाही कसं म्हणू? पण ऐक. मी दसरू लेकामी. हे नाव तुला सांगितलं, तुझ्यापाशीच ठेव. ना तुझ्या साहेबाला, ना कागदावर. पोलिसाला नदी पार केली हे उद्या कळलं तर परवा मी नाही."

मी वाकून मूठभर ओली माती उचलली आणि कपाळाला लावली. "मामा, माती घेऊन सांगतो. माझ्या तोंडून नाव निघणार नाही."

माझ्या तोंडून. नेमके हेच शब्द.

त्यानं सुधाकरला डोंग्यात आडवं केलं, मला पायाशी बसवलं आणि स्वतः मागे उभा राहिला. मधल्या धारेत डोंगा गिरकी घेऊन कलला. एक आख्खं झाड वाहत अंगावर आलं, ते त्यानं हातातल्या बांबूनं ढकललं. बांबू मोडला. मग राहिलेल्या तुकड्यानं वल्हवत त्यानं आम्हाला पाऊण कोस खाली, पण पलीकडे लावलं. पथकाची बाकीची पार्टी अलीकडच्याच काठानं वर चालत गेली आणि पाणी उतरल्यावर तिसऱ्या दिवशी आली. सुधाकर संध्याकाळी दवाखान्यात पोचला. डॉक्टर म्हणाला, आणखी तासभर उशीर झाला असता तर आणायची गरजच नव्हती.

मी रिपोर्टमध्ये लिहिलं, 'स्थानिक नागरिकाच्या मदतीने नदी पार केली.' बस, एवढंच.

आता शिर्के साहेबांचं सांगतो. आमचे उपअधीक्षक. वय एकतीस, दूरच्या सपाट मुलखातून आलेले, शिकलेले, निर्व्यसनी. माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, शिव्या घालून मोकळा झालो असतो. ते गावागावांत सभा घ्यायचे. मराठीत बोलायचे आणि शेजारी उभं राहून मी ते गोंडीत सांगायचो. एकदा त्यांनी असंच भाषण केलं, लोकशाही, विकास, बंदुकीपेक्षा पुस्तक, बरंच काही. मी लोकांना म्हणालो, "साहेब म्हणतात पोरं शाळेत धाडा आणि ताप आला तर दवाखान्यात या." लोकांनी माना डोलावल्या. सभा संपल्यावर साहेबांनी मला जीपमागे नेलं.

"उसेंडी, मी दहा वाक्यं बोललो. तुम्ही दोन सांगितली?"

"सार सांगितलं ना सर."

"सार काढायला तुम्हाला कुणी सांगितलं? मी बोलेन ते सगळं पोचलं पाहिजे. त्यात भर घाला एक वेळ, पण कापू नका. समजलं?"

बाकीची पार्टी कान टवकारून ऐकत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून मी एक शब्द गाळला नाही. साहेब खोकले असते तर तेही सांगितलं असतं.

दिवाळीनंतर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर निमंत्रण पत्रिकेचा नमुना होता. गुर्रेकसा पोलीस मदत केंद्राच्या, म्हणजे आमच्याच ठाण्याच्या, मैदानावर जनजागरण मेळावा.

"उसेंडी, दसरू लेकामीला स्टेजवर आणायचं आहे."

"सर, हे नाव तुम्हाला..."

"कोवासेनं सांगितलं. दवाखान्यात माझा हात धरून रडला तो. म्हणाला, साहेब, त्या माणसासाठी काहीतरी करा. करणारच. शाल, श्रीफळ, प्रमाणपत्र. मोठे पाहुणे येतायत."

सुधाकर! गोळी मांडीला लागली होती रे, जिभेला लागायला हवी होती. असं मनात आलं आणि लगेच लाजही वाटली. बिचाऱ्यानं चांगल्यासाठीच सांगितलं होतं.

"सर, मारतील त्याला," मी म्हणालो.

"हीच भीती तर त्यांचं हत्यार आहे. एक माणूस उघडपणे उभा राहिला की उद्या दहा राहतात. या भागात स्थैर्य यायचं तर असंच येणार."

"उभा राहायला त्याला सांगितलंय कोणी? मेळावा झाला की तुम्ही जीपमध्ये बसाल, पाहुणे गाडीत बसतील. तो पायी घरी जाईल ना सर! त्या रस्त्यावर कोणतं स्थैर्य उभं राहणार त्याच्याबरोबर?"

माझा आवाज चढला होता. बाहेरचा शिपाई दारात डोकावला. साहेब चिडले नाहीत.

"मग तुम्ही मार्ग सांगा," ते म्हणाले.

आणि मी सांगितला. दीडशहाणाच मी! म्हणालो, एकाला नको, नऊ जणांना शाली द्या. नऊ गावांतले नऊ जाणते. कुणी गावचा प्रमुख भूमिया, कुणी पुजारी, कुणी चांगला शेतकरी. दसरूला मधे कुठंतरी घ्या. नदीचं नाव काढायचं नाही. त्याला मान मिळेल, तुमची पत्रिका छापून होईल आणि कुणाला वास लागणार नाही.

"उत्तम," साहेब म्हणाले. "नदीचा उल्लेख नाही. शब्द देतो."

मी खूश होऊन बाहेर आलो. आपण केवढं डोकं चालवलं म्हणून खानावळीत दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

दसरू यायला तयार नव्हता. साध्या कपड्यांत, बाजाराच्या दिवशी, मी त्याला गाठलं. तो आणि त्याची बायको जुरी वाळल्या मोहफुलांची टोपली घेऊन बसले होते. मी शेजारी उकिडवा बसलो, भाव विचारल्यासारखं करून सगळं सांगितलं.

"मला नको शाल," दसरू म्हणाला. "मला थंडी वाजत नाही."

"मामा, नऊ जण आहेत. तुझ्या गावाचं नाव यादीत आलंय. बाकी आठ आले आणि तूच नाही आलास तर उलट लोक विचारतील, हा काऊन लपला?"

जुरी इतका वेळ मोह निवडत होती. तिनं मान वर केली.

"तू असशील तिथं?" तिनं मला विचारलं.

"मी तर माइकवरच असणार मामी. साहेबाचं बोलणं मीच गोंडीत सांगतो."

"मग बरं," ती म्हणाली. "आपला माणूस आहे तिथं. जा जी तुम्ही, घेऊन या शाल. मला होईल."

तेव्हा कुठं दसरू हसला.

मेळाव्याला दीड-दोन हजार माणूस आलं होतं. भांडी, घोंगड्या आणि शाळकरी पोरांना वह्या वाटायच्या होत्या, येणार नाहीत तर काय! दुपारचं ऊन कडक, मांडवाखाली पाहुणे, मांडवाबाहेर जनता. बायका पुढे बसल्या होत्या, जुरी त्यांच्यात तिसऱ्या-चौथ्या रांगेत. दोन हजारांत दादालोकांची माणसं दहा तरी असणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक. ती प्रत्येक मेळाव्याला येतात, भांडी घेतात, ऐकतात आणि जातात.

नऊ जाणते ओळीनं उभे केले. दसरू पाचवा. मी माइकवर नाव पुकारायचो, पाहुणे शाल घालायचे, टाळ्या. पहिला झाला, दुसरा झाला, चौथा झाला. सगळं सुतासारखं चाललं होतं.

पाचव्याला पाहुण्यांनी शाल घातली आणि साहेबांना विचारलं, "हा काय करतो?" सहज विचारलं त्यांनी. शिर्के साहेबांनी दसरूकडे बघितलं. दसरू शालीत अवघडून उभा होता, दोन्ही हातांनी नारळ छातीशी धरलेला. साहेबांचा चेहरा बदलला. मी ओळखलं. मी मानेनं नाही, नाही म्हणत होतो, पण त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. ते माइकपाशी आले, दसरूच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाले, "या माणसानं पुराच्या पाण्यात स्वतःचा जीव धोक्यात घालून आमच्या जखमी जवानाला वाचवलं. आम्ही त्याचे ऋणी आहोत. असा एक माणूस गावागावात उभा राहिला, तर या भागात शांतता यायला वेळ लागणार नाही."

शब्द दिला होता त्यांनी! केबिनमध्ये, माझ्या तोंडावर! मांडवातले पाहुणे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. फोटोवाल्यानं दसरूला जरा इकडे, जरा तिकडे केलं. दसरू फोटोवाल्याकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. मग उरलेले चार झाले, भांडी वाटली, राष्ट्रगीत झालं, लोक आपापल्या वाटेनं गेले.

जीपपाशी मी साहेबांना गाठलं. "सर, तुम्ही हे काय केलंत?"

"चुकलं असेल," ते म्हणाले. खरंच ओशाळले होते. "मनात आलं ते बोललो. पण उसेंडी, लोकांच्या टाळ्या ऐकल्यात? बघा, काही होणार नाही."

अकराव्या दिवशी भरदुपारी दसरूला खळ्यावरून उचललं. धान मळता मळता. बैल तसेच गोल फिरत राहिले म्हणे. संध्याकाळी हिदवाड्याच्या फाट्यावर तो सापडला. हात मागे बांधलेले. छातीवर चिठ्ठी होती, पोलिसांना नदी पार करून देणाऱ्याची हीच गत होईल.

आम्ही पंचनामा केला. फाट्यावर गावचं माणूस एक नाही, सगळी दारं बंद. मी त्याचे हात सोडले. शिर्के साहेब बाजूला उभे राहून पाणी पीत होते. मला त्यांच्या कानशिलात भडकावावीशी वाटत होती. तुझं ते स्थैर्य बघ म्हणावं, पडलंय रस्त्यात. पुढे चार महिने मी त्यांच्याशी कामापुरतं बोललो. जेवताना, झोपताना, गस्तीवर, मनात एकच घोकायचो, ह्यानं मारलं, ह्या माणसानं शब्द मोडला आणि मामाला मारलं. पार्टीतले सगळे तेच म्हणायचे. सुधाकर काठी टेकत यायचा आणि तोही तेच म्हणायचा. बरं वाटायचं ऐकून.

मग एके सकाळी मदत केंद्राच्या फाटकावर जुरी आली.

मी पहाऱ्यावर होतो. तिच्या हातात ती शाल होती, घडी तशीच, दुकानातून आणल्यासारखी. तिनं ती वाळूच्या पोत्यांवर ठेवली.

"मामी," मी म्हणालो. "मामी, साहेबानं शब्द दिला होता मला. नाव काढणार नाही म्हणाला होता. त्यानं घात केला."

"साहेबानं?" ती म्हणाली.

तिनं आवाज चढवला नाही. ती एकेक शब्द नीट बोलत गेली.

"साहेब काय बोलला ते मला आजपण माहीत नाही. मी बायकांत बसले होते. इकडे बुधरी, तिकडे तिची सून. साहेब बोलला तेव्हा आम्ही एकमेकींना विचारलं, काय म्हणतो, काय म्हणतो. कुणाला कळलं नाही. पुढारी टाळ्या वाजवत होते, म्हणून आम्हीपण वाजवल्या. मग तू बोललास."

"आश्रमशाळेतली पोट्टी होती मामी, त्यांना मराठी..."

"ती मागे वह्यांसाठी मारामारी करत होती. तू बोललास तेव्हा कळलं. आणि साहेब थोडंच बोलला होता. तूच बोलत राहिलास. पाणी किती होतं. झाड कसं वाहत आलं. बांबू कसा मोडला. कोणत्या काठावरून कोणत्या काठाला. लोक ऐकत राहिले, तू सांगत राहिलास. बुधरी मला म्हणाली, तुझा भाचा छान बोलतो. भाचा, त्या मांडवात गोंडी समजणारं कोण होतं? साहेब समजत होता? पाहुणा? तू म्हणाला असतास, हा चांगलं धान पिकवतो, तर तुला कोण पकडणार होतं?"

कुणी नाही. मांडवातल्या साहेब-पाहुण्यांत एकालाही गोंडीचा एक शब्द कळत नव्हता. मी धानाचं बोललो असतो, पावसाचं बोललो असतो, कोंबडीची गोष्ट सांगितली असती तरी साहेबांनी मान डोलावली असती. हे मला तेव्हाच माहीत होतं. माइक हातात घेताना माहीत होतं. पण एक शब्द कापायचा नाही, हे हाडीमांसी भिनलेलं. आणि तेवढंच असतं तर साहेबांची तीन वाक्यं सांगून थांबलो असतो. मी थांबलो नाही. दोन हजार माणूस श्वास रोखून माझं ऐकत होतं. सुधाकर पहिल्या रांगेत डोळे पुसत होता. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणा दुसऱ्याचं नाही, माझं स्वतःचं काहीतरी सांगत होतो, आणि मला ते गोड लागलं. खोटं काऊन बोलू? गोड लागलं. दसरू माझ्याकडे बघत होता तेव्हा मी मोडलेल्या बांबूपर्यंत आलो होतो.

"मी म्हटलं होतं त्यांना, जा, आपला माणूस आहे तिथं," जुरी म्हणाली. "माझ्या म्हणण्यावरून आले ते. हे मी कुणाला सांगू? तू जगशील, तुझा साहेब जगेल, तो लंगडा जगेल. जगा. पण आमच्या वाटेला येऊ नको. पाणी नको मागू, नातं नको सांगू. माती उचलली होतीस ना कपाळाला? ते म्हणाले होते मला, भाच्यानं माती उचलली, भिऊ नको. ती माती पुसून टाक."

आतून बुटांचा आवाज आला. शिर्के साहेब फाटकावर आले. जुरीला बघून त्यांनी टोपी काढली. त्यांना शाल दिसली. रात्रीच्या रात्री माणूस म्हातारा होतो म्हणतात, तसे ते चार महिन्यांत झाले होते.

"काय म्हणतायत त्या, उसेंडी?"

जुरी माझ्याकडे बघत उभी होती. तिला मराठी कळत नव्हती, पण साहेबानं काय विचारलं ते कळायला मराठी लागत नव्हती. तिनं मला सगळं सांगितलं होतं. एकेक शब्द.

"काही नाही सर," मी म्हणालो. "शाल परत करायला आल्यात."